देवाला पुढचं दिसतं, मग "आता मला कळलं" असं तो का म्हणतो?

वाळूघड्याळ:

बायबलातल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या २२व्या अध्यायातली गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. देव आब्राहामाला सांगतो, तुझा मुलगा इसहाक मला अर्पण कर. म्हातारा बाप पहाटे उठतो, लाकडं फोडतो, तिसऱ्या दिवशी डोंगर दिसल्यावर ती लाकडं मुलाच्या खांद्यावर देतो, वेदी रचतो, मुलाला बांधतो आणि सुरा उचलतो. तेवढ्यात वरून हाक येते, थांब! आणि पुढे हे वाक्य: "तू देवाला भिऊन वागतोस, हे आता मला कळलं."

हे वाक्य मला बरीच वर्षं टोचत आलंय. आता कळलं, म्हणजे सुरा उचलेपर्यंत माहीत नव्हतं? आणि माहीत होतं, तर त्या बापलेकांना एवढं कशासाठी चालवलं?

बरं, ही एकच जागा नाही. आदाम झाडांआड लपतो तेव्हा देव विचारतो, "तू कुठे आहेस?" बाबेलचा बुरूज बघायला तो खाली उतरतो. सदोमबद्दल म्हणतो, माझ्यापर्यंत आलेली ओरड खरी आहे का ते खाली जाऊन बघतो. जलप्रलयाआधी तर माणूस घडवल्याचा त्याला पस्तावा होतो. आणि याच धर्मग्रंथात १३९वं स्तोत्र म्हणतं, शब्द जिभेवर येण्याआधीच देवाला तो ठाऊक असतो. आब्राहामाला देव सांगून ठेवतो की तुझे वंशज ४०० वर्षं परक्या देशात राबतील. जळत्या झुडपापाशी मोशेला सांगतो, मिसरचा राजा तुम्हाला सुखासुखी सोडणार नाही, मला माहीत आहे. ज्यांच्या लेखी यातलं एक अक्षरही उगीच आलेलं नव्हतं, त्या जुन्या यहुदी भाष्यकारांना दोन्हींपैकी एक बाजू सोडून देणं शक्यच नव्हतं.

एक वाट त्यांनी काढली ती देवाचं सर्वज्ञपण सांभाळण्याची. इ.स.पू. दुसऱ्या शतकात 'ज्युबिलीज' नावाचं पुस्तक लिहिलं गेलं. त्यात उत्पत्तीतल्या गोष्टी पुन्हा सांगितल्या आहेत, पण अडचणीच्या जागा बुजवून. तिथे परीक्षेची कल्पना देवाची नाहीच, ती मास्तेमा नावाच्या दुष्ट आत्म्यांच्या म्होरक्याची आहे. आब्राहाम निष्ठावान आहे हे देवाला आधीच माहीत होतं, असं लेखक सरळ लिहून टाकतो, आणि शेवटचं वाक्य "तू निष्ठावान आहेस हे मी सगळ्यांना कळवलं" असं करतो. पुढे पाचव्या शतकाच्या आसपास गालीलात संकलित झालेल्या उत्पत्तीवरच्या मिद्राशात (जुन्या यहुदी गुरूंच्या कथारूप भाष्यात), म्हणजे 'बरेशीत रब्बा'तही हीच दिशा आहे: देवाला कळलं असं नव्हे, देवाने जगाला कळवलं.

उत्तर चोख आहे. पण मला धरून ठेवलं ते दुसऱ्याच एका उत्तराने, आणि ते एक अध्याय आधीच्या गोष्टीवर आहे.

२१व्या अध्यायात हागार आणि तिचा मुलगा इश्माएल घराबाहेर काढले जातात. रानात पखालीतलं पाणी संपतं. ती मुलाला एका झुडपाखाली ठेवते आणि बाणाच्या टप्प्याइतकी लांब जाऊन बसते, कारण पोराचं मरण तिला बघवणार नाही. मग मजकूर म्हणतो, मुलगा जिथे होता तिथे देवाने त्याचा आवाज ऐकला. मिद्राशकार इथे थबकतो. 'जिथे होता तिथे' हे वेगळं सांगायची काय गरज? आणि तो सांगतो की त्या क्षणी देवदूतांनी इश्माएलावर फिर्याद मांडली: "जगाच्या स्वामी, जो पुढे तुझ्याच लेकरांना तहानेने मारणार आहे, त्याच्यासाठी तू विहीर उघडतोस?" तहानेने मारण्याची ती कथाही परंपरेत आहे. यरुशलेम पडल्यावर बाबेलला नेले जाणारे कैदी वाटेत इश्माएलाच्या वंशजांकडे पाणी मागतात. ते त्यांना आधी खारवलेलं अन्न खाऊ घालतात आणि मग हवा भरून फुगवलेल्या पखाली पुढे करतात. तहानलेला माणूस घाईने पखालीला तोंड लावतो, हवा पोटात शिरते आणि तो मरतो. देवदूतांना हे सगळं दिसतंय.

देव त्यांना एवढंच विचारतो, "आत्ता, या घडीला, तो कसा आहे? नीतिमान की दुष्ट?"

"नीतिमान," देवदूत म्हणतात.

"मी माणसाचा न्याय तो त्या घडीला जसा असेल तसाच करतो."

देवदूतांचं म्हणणं देव खोडून काढत नाही. मला हे माहीत नाही, असंही म्हणत नाही. माहीत असलेलं तो निकालात धरत नाही.

हाच विचार माणसाच्या निर्मितीबद्दलही आहे. आदाम घडवताना देवाला दिसलं की याच्यापासून सज्जनही निपजतील आणि दुर्जनही. घडवावा तर दुर्जन येणार. न घडवावा तर सज्जन कुठून येणार? बेरेख्या नावाचे रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, सांगतात की देवाने दुर्जनांची वाट स्वतःच्या नजरेसमोरून बाजूला सारली, दयेच्या गुणाला सोबत घेतलं आणि माणूस घडवला.

माझं म्हणणं असं की देवाला भविष्य दिसतं का, हा प्रश्न रब्बींना तितका छळत नव्हता. दिसत असतानाही तो माणसाशी कसा वागतो, हा त्यांचा प्रश्न होता. वाचणाऱ्यांनी यावर मोकळेपणाने लिहावं.

सावली:

सुंदर लिहिलंय. हागारेची गोष्ट कितीदा वाचली, पण देवदूत फिर्याद घेऊन उभे आहेत असं कधी मनातही आलं नव्हतं. आता ती आई लांब बसलेली दिसते आणि वर तिच्या पोराचा खटला चाललेला दिसतो.

तर्कनिष्ठ:

वाळूघड्याळ, तुमचा मुद्दा आकर्षक आहे, पण परंपरा इतकी एकमुखी नाही. तीन गोष्टी समोर ठेवतो.

पहिली, बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २१व्या अध्यायातला हट्टी आणि बंडखोर मुलगा. आईबापांचं न ऐकणारा, खादाड, दारुडा. त्याला गावातल्या वडीलधाऱ्यांपुढे आणून दगडांनी ठार मारायचं, असा कायदा आहे. खाण्यापिण्यासाठी मृत्युदंड? मिश्ना, म्हणजे रब्बींच्या नियमांचा जुना संग्रह, म्हणते, त्याचा न्याय त्याच्या शेवटावरून केला जातो. गालीलचे रब्बी योसे सविस्तर सांगतात: हा बापाची मालमत्ता उडवेल, मग सवयी पुरवायला काही उरणार नाही, मग चव्हाट्यावर उभा राहून वाटसरूंना लुटेल. त्यापेक्षा तो निर्दोष असतानाच मरू दे. हे तुमच्या इश्माएलाच्या अगदी उलट झालं.

दुसरी, मोशे मिसरी मुकादमाला मारतो तो प्रसंग. मजकूर म्हणतो, त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि कोणी माणूस दिसला नाही. मिद्राश म्हणतो, त्याने पुढच्या पिढ्यांमध्ये पाहिलं आणि त्या मिसऱ्याच्या वंशात एकही सज्जन निपजणार नाही असं त्याला दिसलं, मग मारलं. म्हणजे इथेही भविष्य निकालात धरलं गेलं.

तिसरी, फारो, म्हणजे मोशेच्या वेळचा मिसरचा राजा. "मी त्याचं मन कठीण करीन" असं देव आधीच सांगतो. मग फारोला शिक्षा कसली?

जुनीपाने:

तर्कनिष्ठ यांच्या यादीआधी थोडी पार्श्वभूमी, कारण 'यहुदी मत' असं एकच काही त्या काळी नव्हतं. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस तीन पंथांची वाटणी देतो. एसेनी म्हणत, सगळं नियतीच्या हाती. सदूकी म्हणत, नियती वगैरे काही नाही, माणूस करतो तसं भरतो. परूशी मधले: काही नियतीचं, काही माणसाचं. जोसेफसचे वाचक ग्रीक-रोमन होते, त्यामुळे त्याने हे त्यांच्या तत्त्वज्ञांच्या भाषेत बसवलं आहे. तरी मतभेद होता हे नक्की.

१९४७पासून मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांमध्ये गुंडाळ्या मिळत गेल्या आणि कडव्या बाजूचा आवाज थेट ऐकू आला. तिथल्या समुदायाच्या नियमपुस्तकात म्हटलंय की जे आहे आणि जे होईल ते सगळं ज्ञानाच्या देवाकडून येतं. गोष्टी अस्तित्वात येण्याआधीच त्याने त्यांचा पूर्ण आराखडा ठरवलेला आहे. प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाशाचा आत्मा किती, अंधाराचा किती, हेही ठरलेलं. त्यांच्या स्तोत्रांमध्ये तर "तू त्यांना घडवण्याआधी त्यांची सगळी कृत्यं तुला माहीत होती" हा सूर पुन्हा पुन्हा येतो, आणि म्हणणारा ते कृतज्ञतेने म्हणतो. आता गंमत नाही, विचार करण्यासारखी गोष्ट: हेच लोक सभासदांना 'स्वेच्छेने आलेले' म्हणत आणि दरवर्षी प्रत्येकाची समज आणि वागणूक तपासून त्याचा क्रम वर किंवा खाली करत. सगळं ठरलेलं मानणारा समाज रोजच्या वागण्याबद्दल सगळ्यात काटेकोर होता.

बेन सिराचं पुस्तक याच्याही आधीचं, इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचं. तो बजावतो, "देवामुळे माझं पाऊल घसरलं असं म्हणू नकोस." पुढे म्हणतो, तुझ्यापुढे आग आणि पाणी ठेवलंय, हवं तिकडे हात घाल. म्हणजे 'देवानेच करवलं' म्हणणारे तेव्हाही होते, नाहीतर बजावायची वेळ का आली असती?

आजोळ:

फारोबद्दल मी लिहिते, कारण याच्यावर रब्बींमध्येच तिसऱ्या शतकात वाद झालेला नोंदला आहे. रब्बी योहानान म्हणाले, या वाक्याने पाखंड्यांना तोंड उघडायला जागा मिळते. ते म्हणतील, फारोला पश्चात्ताप करणं शक्यच नव्हतं. त्यावर त्यांचे मेहुणे रेश लाकीश म्हणाले, पाखंड्यांची तोंडं बंद होवोत! देव माणसाला एकदा सावध करतो, दोनदा करतो, तीनदा करतो. तरी तो वळला नाही, की मग त्याच्या मनाचं दार बंद करतो.

आता बायबलातल्या 'निर्गम' या पुस्तकाचा मजकूर उघडून बघा. देवाने मिसरवर धाडलेल्या पीडांपैकी पहिल्या पाचांमध्ये फारोचं मन कठीण झालं, किंवा फारोने ते कठीण केलं, असंच लिहिलंय. देवाने कठीण केलं असं येतं ते सहाव्या पीडेपासून, गळवांच्या. रेश लाकीश यांनी अख्ख्या अध्यायांचा क्रम डोळ्यांसमोर ठेवून उत्तर दिलंय. आणि तालमूद, म्हणजे मिश्नेवरच्या रब्बींच्या चर्चांचा संग्रह, सांगतं की हा माणूस तरुणपणी दरोडेखोरांत होता आणि नंतर वळला. पाच वेळा दार उघडं होतं, हे त्याच्या तोंडून ऐकताना मला त्याचं वजन वेगळं वाटतं.

वाळूघड्याळ:

आजोळ, जुनीपाने, दोघांचे मनापासून आभार.

तर्कनिष्ठ, बंडखोर मुलाचं उदाहरण मला हवंच होतं. रब्बींनी त्या कायद्याचं पुढे काय केलं ते बघा. मुलगा वयात आल्यापासूनच्या तीनच महिन्यांत हा कायदा लागू. त्याने ठरावीक वजनाचं मांस खाल्लेलं हवं, ठरावीक माप दारू प्यायलेली हवी, दोन्ही बापाच्या पैशातून चोरून. आईबापांपैकी एकजण लंगडा, मुका, आंधळा, बहिरा किंवा हाताने अधू असेल, तर खटला रद्द. रब्बी यहूदा तर म्हणतात, आई आणि बापाचा आवाज, रूप आणि उंची सारखी हवी! शेवटी तालमूद म्हणतं, असा बंडखोर मुलगा कधी झाला नाही आणि होणारही नाही. लिहून ठेवलंय ते अभ्यास करून पुण्य मिळवावं म्हणून. रब्बी योनातान तेवढे म्हणतात, मी असा एक पाहिला आणि त्याच्या कबरीवर बसलो होतो. हाही आवाज त्यांनी पुसला नाही.

मला यात दिसतं ते हे: 'शेवटावरून न्याय' हे तत्त्व माणसांच्या न्यायालयाच्या हाती सापडलं, तेव्हा रब्बींनी ते अमलात येणारच नाही इतक्या अटींनी बांधून टाकलं. पोराला त्याच्या उद्याच्या गुन्ह्यासाठी आज मारायचा अधिकार त्यांनी स्वतःला घेतला नाही.

मोशेचा मिद्राश मात्र माझ्या म्हणण्याच्या विरुद्धच जातो. त्याला ओढूनताणून माझ्या बाजूला आणणार नाही.

नवगावची_लेक:

मी बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातली, मूळ घर अलिबागकडचं, आता बरीच वर्षं इस्रायलमध्ये. तुमच्या दोन्ही गोष्टींचं आमच्या वर्षाशी एक नातं आहे.

रोश हशाना, म्हणजे नवं वर्ष, हाच न्यायाचा दिवस मानतात. आमची जुनी माणसं याला नव्याचा सण म्हणत. सभास्थानात पहिल्या दिवशी तोरातला, म्हणजे बायबलाच्या पहिल्या पाच पुस्तकांतला, जो भाग वाचतात, तो हागार आणि इश्माएलाचा. दुसऱ्या दिवशी आब्राहाम आणि इसहाकाचा. तालमूदात रोश हशानाची चर्चा चालू असतानाच रब्बी इसहाक हेच तत्त्व सांगतात, की माणसाचा न्याय त्याच्या त्या घडीच्या कृत्यांवरून होतो, आणि पुरावा म्हणून इश्माएलाचंच वचन देतात. सगळ्या जगाचा हिशेब मांडला जातो त्या सकाळी, पुढे वाईट वागणाऱ्या वंशाच्या मूळपुरुषाला पाणी मिळाल्याची गोष्ट मोठ्याने वाचली जाते.

दहा दिवसांच्या या काळाच्या शेवटी योम किप्पुर, आमच्या आजीच्या भाषेत दारफाळणीचा सण. त्या दिवशी दुपारी योनाचं पुस्तक वाचतात. योना निनवेत जाऊन ओरडतो, ४० दिवसांत हे शहर पालथं होईल. शहर उपास करतं, राजा राखेत बसतो, आणि शहर वाचतं. भाकीत देवाचं, संदेष्टा देवाचा, आणि तरी घडलं नाही. योना यावर रागावतो, मरण मागतो. देव त्याची समजूत काढतो, पण भाकीत खरं करून दाखवत नाही.

कऱ्हाकाठ:

दावीदाची कईलाची गोष्ट कोणी आणली नाही अजून. पहिल्या शमुवेलाचा २३वा अध्याय. दावीद कईला नावाच्या तटबंदीच्या गावात आहे, राजा शौल त्याच्या जिवावर उठलाय. तो देवाला विचारतो, शौल इथे येईल का? उत्तर: येईल. गावकरी मला त्याच्या हवाली करतील का? करतील. दावीद आपली ६०० माणसं घेऊन गाव सोडतो. शौलाला कळतं, तो यायचं रद्द करतो. दोन्ही उत्तरं देवाची, आणि दोन्हींपैकी एकही गोष्ट घडली नाही! दावीद थांबला असता तर काय झालं असतं, तेही देवाला दिसत होतं. इथे आधी कळल्यामुळे माणूस बांधला गेला नाही, सुटला.

तर्कनिष्ठ:

कईलाचं उदाहरण नेमकं आहे. पण मूळ पेच शिल्लक राहतोच. उद्या मी खोटं बोलणार हे देवाला आज नक्की माहीत असेल, तर उद्या खरं बोलणं माझ्या हातात आहे का? रब्बी अकीवाचं प्रसिद्ध वचन आहे, सगळं पाहिलेलं आहे आणि मुभा दिलेली आहे. दोन अर्धी वाक्यं शेजारी ठेवली, पण जोडली कुठे?

जुनीपाने:

जोडायचा नेटका प्रयत्न अलेक्झांड्रियाच्या फिलोने केला होता, अकीवाच्याही आधी. तो ग्रीक तत्त्वज्ञानात मुरलेला यहुदी. देवाच्या पस्ताव्याच्या वचनावर त्याने एक स्वतंत्र प्रबंधच लिहिला. म्हणतो, जग हे देवाचं धाकटं अपत्य आणि काळ हे जगाच्या हालचालीतून जन्मलेलं, म्हणजे काळ देवाचा नातू. त्यामुळे देवाला ना काही भूत, ना भविष्य; त्याच्यापुढे सगळं वर्तमानच. मग पस्तावा कुठला? ती भाषा अजाण माणसांना वळण लावण्यासाठी वापरलेली.

यात तर्क घट्ट बसतो. पण आब्राहामाच्या हातातला सुरा आणि हागारेचं रडणं यांना त्या सलग वर्तमानात जागा कुठे, असं मला फिलो वाचताना नेहमी वाटतं. त्याच वचनावर रब्बी यहोशुआ बेन कोर्हा यांचं उत्तर बघा. एका परधर्मीयाने त्यांना अडवलं: "देवाला भविष्य दिसतं ना? मग त्याच्या मनाला दुःख झालं असं कसं लिहिलंय?" रब्बींनी विचारलं, "तुला कधी मुलगा झाला?" "हो." "तेव्हा काय केलंस?" "आनंद केला, सगळ्यांना आनंदात सामील करून घेतलं." "तो एक दिवस मरणार हे माहीत नव्हतं?" "आनंदाच्या वेळी आनंद, शोकाच्या वेळी शोक." "देवाचंही तसंच आहे," रब्बी म्हणाले.

फिलो देवाचं दुःख काढून टाकतो. हे रब्बी ते जसंच्या तसं ठेवतात.

आजोळ:

तर्कनिष्ठ, तुमच्या 'उद्या खोटं बोलणार' वर तालमूदातली एक कथा आहे, ती नेमकी त्या जागी बोट ठेवते. गर्भधारणेवर लायला नावाचा देवदूत नेमलेला असतो. तो बीजाचा थेंब उचलून देवापुढे नेतो आणि विचारतो, याचं काय होणार? बलवान की दुबळा, शहाणा की मूर्ख, श्रीमंत की गरीब? हे सगळं तिथे ठरतं. नीतिमान की दुष्ट, हे मात्र देवदूत विचारत नाही. कारण रब्बी हनीना म्हणतात, सगळं स्वर्गाच्या हातात, स्वर्गाचं भय सोडून.

आपल्याकडे पाचवीच्या रात्री कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, सटवाई येऊन नशीब लिहून जाते म्हणून. लायलाच्या कागदावर एक रकाना मुद्दाम कोरा ठेवलाय.

सावली:

आजोळ, त्या कोऱ्या रकान्याबद्दल एक विचारू? देवाला तो भरलेला दिसतो की त्यालाही कोरा?

आजोळ:

कथेत देवदूत तो प्रश्न विचारतच नाही, त्यामुळे देवाचं उत्तरही येत नाही. मध्ययुगात माणसांनी तो प्रश्न सोडला नाही. मायमोनिदिस (११३८–१२०४) म्हणतात, देवाचं जाणणं आपल्या जाणण्यासारखं नाही, म्हणून दोन्ही खरं आहे. त्यावर प्रोव्हान्सचे रब्बी आब्राहाम बेन दावीद रागावून लिहितात, ज्या प्रश्नाचं उत्तर पुरं करता येत नाही तो लोकांपुढे मांडून त्यांच्या मनात संशय कशाला पेरलात? पण हे धाग्याच्या काळाच्या फार पुढचं झालं, इथेच थांबते.

नवगावची_लेक:

सगळ्यात अवघड जागा अजून कोणी घेतली नाही, म्हणून मी घेते. मोशे सीनायवर चढतो तेव्हा देव तोराच्या अक्षरांवर छोटे मुकुट बसवत असतो. हे कशाला, मोशे विचारतो. देव म्हणतो, पुष्कळ पिढ्यांनी अकीवा नावाचा माणूस येईल आणि यातल्या टोकाटोकातून ढीगभर नियम काढेल. मोशे म्हणतो, मला दाखव. आणि तो अकीवाच्या पाठशाळेत आठव्या रांगेच्या मागे जाऊन बसतो. चर्चा त्याला कळत नाही. तो परत येऊन म्हणतो, त्याचं ज्ञान दाखवलंस, आता त्याचं फळ दाखव. वळून बघतो तर अकीवाचं मांस बाजारात तोलून विकलं जातंय. रोमनांनी बार कोखबाच्या बंडाच्या काळात, १३५च्या आसपास, त्याला हालहाल करून मारलं होतं. मोशे विचारतो, "हे ज्ञान आणि हे त्याचं फळ?" देव म्हणतो, "गप्प राहा. माझ्या मनात असंच आलं."

हे दीड हजार वर्षांहून अधिक काळ आमच्या पाठशाळांमध्ये शिकवलं जातंय, न गाळता. तुमचा 'देव माहिती निकालात धरत नाही' हा विचार मला खूप भावतो, वाळूघड्याळ. पण इथे देवाला आधीपासून दिसत होतं आणि त्याने होऊ दिलं. या जागेवर रब्बींनी मलमपट्टी केली नाही, आपणही करू नये असं मला वाटतं.

वाळूघड्याळ:

ताई, मान्य. ही गोष्ट माझ्या मांडणीत बसत नाही आणि बसवायला जाणंही बरोबर नाही.

माणसाच्या बाजूने एक कथा राहिली आहे. यहूदाचा राजा हिज्कीया मरणाच्या आजारात असतो. संदेष्टा यशया येऊन सांगतो, तू मरणार. का? तर तू लग्न केलं नाहीस, मुलं होऊ दिली नाहीस. हिज्कीया म्हणतो, मला पवित्र आत्म्याने दिसलं की माझ्या पोटी नालायक संतती होणार. यशयाचं उत्तर तालमूदात असं आहे: "त्या दयाळूच्या गुपितांशी तुला काय करायचंय? तुला जे सांगितलं होतं ते तू करायला हवं होतंस. पुढे त्याला जे बरं वाटेल ते तो करील."

हिज्कीया म्हणतो, मग तुझी मुलगी दे, तुझ्या-माझ्या पुण्याईने कदाचित चांगली मुलं होतील. यशया म्हणतो, आता निकाल लागलाय. तेव्हा हिज्कीया म्हणतो, "तुझं भाकीत आटप आणि जा! माझ्या आजोबांच्या घराण्यातून मला आलंय, धारदार तलवार मानेवर टेकली असली तरी माणसाने दया मागायचं सोडू नये." तो भिंतीकडे तोंड करून प्रार्थना करतो आणि त्याला १५ वर्षं मिळतात.

कऱ्हाकाठ:

आणि मुलगा होतो तो मनश्शे. गादीवर बसला तेव्हा १२ वर्षांचा, म्हणजे त्या वाढीव १५ वर्षांतलाच. यहूदाच्या राजांमधला सगळ्यात वाईट. मंदिरात मूर्ती बसवली, यरुशलेम रक्ताने भरलं. आणि तालमूदातच दुसरीकडे परंपरा आहे की यशयाला मनश्शेनेच मारलं. यशया देवदाराच्या खोडात लपला होता, मनश्शेने ते झाड करवतीने कापायला लावलं. मुलगी दिली असेल, तर नातवाने आजोबाला मारलं. मग हिज्कीयाला दिसलं होतं ते शंभर टक्के खरं निघालं की!

वाळूघड्याळ:

दिसलं ते खरंच होतं. पण गोष्ट तिथे संपत नाही. दुसऱ्या इतिहासाच्या ३३व्या अध्यायात अश्शूरचे सरदार मनश्शेला साखळ्या घालून नेतात आणि तिथे तो प्रार्थना करतो. यरुशलेमी तालमूद हा प्रसंग असा रंगवतं: त्याला तांब्याच्या पोकळ खेचरात घालून खाली जाळ लावला. त्याने जगातल्या एकूणएक देवांना हाका मारून पाहिल्या. कोणी आलं नाही. तेव्हा त्याला आठवलं, लहानपणी सभास्थानात बाप माझ्याकडून एक वचन म्हणवून घ्यायचा: "संकटात सापडशील तेव्हा तू परमेश्वराकडे वळशील, तो दयाळू देव आहे." त्याने हाक मारली. देवदूतांनी स्वर्गाच्या खिडक्या धडाधड बंद केल्या, याची प्रार्थना वर पोचू नये म्हणून. मंदिरात मूर्ती बसवणाऱ्याला तू माफ करणार? देव म्हणाला, याला नाकारलं तर वळणाऱ्या प्रत्येकासाठी दार बंद होईल. आणि त्याने आपल्या सिंहासनाखालून भुयार खणलं, देवदूतांचा हात पोचणार नाही अशा जागी, आणि तिथून प्रार्थना आत घेतली.

ज्या बापाला हा मुलगा नको होता, त्यानेच ते वचन शिकवलं होतं.

तर्कनिष्ठ:

कथा हलवून गेली. तरी नोंद करतो की मिश्नेत बहुमत उलट आहे. येणाऱ्या जगात, म्हणजे मरणानंतरच्या जीवनात, ज्यांना वाटा नाही अशा तीन राजांमध्ये मनश्शे आहे. रब्बी यहूदा म्हणतात, त्याला वाटा आहे, त्याची प्रार्थना ऐकली गेली. बाकीचे त्यांना उत्तर देतात, त्याचं राज्य त्याला परत मिळालं, येणाऱ्या जगातलं जीवन नाही.

आजोळ:

हो, आणि त्या बहुमतावर पुढे बाबेलच्या तालमूदात योहानान बोललेत, फारोच्या वाक्याने पाखंड्यांना जागा मिळेल म्हणून धास्तावलेले तेच. ते म्हणतात, मनश्शेला येणाऱ्या जगात वाटा नाही असं जो म्हणतो, तो वळू पाहणाऱ्यांचे हात कमकुवत करतो.